आळीचा अर्ज

जतकडच्या एका गावात गॅस्ट्रोची साथ ओसरल्यावर नवे नळ कुठं बसवायचे, हे ठरवायला शाळेत बैठक भरली. मी पंचायत समितीचा अभियंता. दाराशी एक म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"सायेब, आमच्या आळीला नळ न्हाई व्हय?"

"मावशी, तुमच्या आळीतून अर्ज कधी आलाच नाही," मी नकाशावरून नजर न उचलता म्हणालो.

"ल्योक लिवणार हुता. साथीत गेला. आता आळीत लिवणारं कोन न्हाई."

मी हादरलो. कोरा कागद ओढून आळीच्या वतीनं अर्ज लिहिला. तिनं अंगठा उमटवला आणि शांतपणे विचारलं, "सायेब, तुमी लिवल्यालं चालतंय, तर मग आदीच का न्हाई लिवलं?"