दोन ताडपत्र्या

नव्या ताडपत्रीचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. तेव्हा भूकंपाला आठवडा झाला होता. हिंदी मुलखातल्या अधारताल वस्तीत आमचं घर; त्याची मागची भिंत पडली होती, छपराचे कवेलू फुटले होते आणि पाऊस तोंडावर आला होता. सरकारी सेवा योजनेतली कॉलेजची मुलं ताडपत्र्या वाटायला येणार, म्हणजे पाहुणेच, म्हणून आईने ठेवणीतलं लुगडं नेसून अंगण सारवलं, रांगोळीही काढली. यादीवाल्या मुलाने फाटकातूनच पाहिलं, "यहाँ तो सब ठीक है" म्हणाला आणि आमच्या नावावर रेघ मारली. मी त्याच्या हातातली यादीच ओढली. "भैया, रांगोली से छत नहीं बनती. पीछे चलके देखो!" आई म्हणाली, "काहून भांडून राहिली? लेकरं उन्हात फिरून राहिले." मी त्याला मागे नेलंच. मागच्या खोलीतून सरळ आभाळ दिसत होतं. तो ओशाळला आणि त्याने एक ताडपत्री पुढे केली. मी म्हटलं, "दो. दीवार भी गई है." दोन मिळाल्या. मग त्यांच्या सरांनी फोटोसाठी आईला हात जोडायला सांगितलं. तिने उचललेले हात मी खाली केले. "हाथ नहीं जुड़ेंगे, सर. चाहिए तो दोनों वापस ले जाओ." फोटो निघाला नाही, ताडपत्र्या मात्र राहिल्या. आज माझं ताडपत्र्यांचंच दुकान आहे. वाटपासाठी माल न्यायला कोणी आलं की मी आधी विचारते, फोटोसाठी कोणाला हात जोडायला लावणार नाही ना, आणि मगच दराचं बोलते. आणि दुकानापुढे रोज रांगोळी काढते.