सहाव्या पानावरचे ओघळ

जपानी ढोलांच्या कार्यक्रमाची मी पहिल्या रांगेतली तिकिटं काढली, ही चूक माझीच. बायको म्हणाली होती, "अहो, मागे बसू. कान तरी शाबूत राहतील." पण मला वादकांची चित्रं काढायची होती, आणि हात जवळून दिसले की ते कागदावरही जमतील, असा माझा समज होता.

तेव्हा मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत सर्जन होतो आणि दर मंगळवारी चित्रकलेच्या क्लासला जायचो. क्लासचं वर्षातून एकदा लायब्ररीत प्रदर्शन असे. दोन वर्षं बाईंनी माझं एकही चित्र लावलं नव्हतं. त्या वर्षी म्हणाल्या, "हलती माणसं काढून आणा, मग बघू." 'मग बघू' म्हणजे लावणारच, असं धरून मी महाराष्ट्र मंडळातल्या चार घरांना आमंत्रण देऊन मोकळा झालो.

शनिवारी दुपारी मांडीवर वही आणि हातात कोळशाची कांडी घेऊन बसलो. समोरचा ढोल माणसाहून उंच. त्याच्यापुढे एक धिप्पाड गडी, लंगोट लावलेला, कपाळाला पट्टी. पहिला ठोका माझ्या पोटातच बसला. मी त्याचा एक हात काढेपर्यंत तो हात दुसरीकडे गेलेला असे. पहिल्या पानावर त्याला चार हात आले, दुसऱ्यावर एकही नाही.

पान उलटताना बोट जिभेला लावायची मला लहानपणापासूनची सवय. त्या दिवशी तर भराभर पानं उलटत होतो. पाचव्या पानाला बोट खारट लागलं. मघाशी खाल्लेले बटाट्याचे क्रिस्प्स असतील म्हणून सोडून दिलं. सहाव्याला जरा जास्तच खारट, वर ओशट. वाकून पाहिलं तर कागदावर थेंब. वर पाहिलं तर गडी मान झटकतोय, आणि दर झटक्याला दिव्याच्या उजेडात त्याच्या पट्टीतून तुषार उडताहेत, थेट माझ्या वहीवर. एवढा वेळ मी परक्या माणसाचा घाम चाटत होतो.

मी आयुष्यात पू पाहिलाय, आतडी हातात धरलीत आणि त्यानंतर निवांत सँडविचही खाल्लंय. पण ते सगळं हातमोज्यांच्या पलीकडे होतं. हे जिभेवर होतं. घशाशी आलं. गिळवेना, आणि पहिल्या रांगेत थुंकणार कुठे? तसंच तोंडात धरून बसलो. त्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये प्रत्येक खाटेशी हात स्वच्छ करायच्या जेलची बाटली आली होती, आणि नव्या डॉक्टरांना त्यावर तासभर उपदेश मीच केला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथे तर पाषाण कोरडाही नव्हता.

मध्यंतरात बेसिनवर चूळ भरली, ती कोळशानं काळी निघाली. शेजारी हात धुणारे गृहस्थ हात न पुसताच निघून गेले. बायकोला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "आठवडाभर तुमचा कप वेगळा."

पुढे मी वहीला हात लावला नाही. पण चार घरांना आमंत्रण गेलेलं. मंगळवारी वही प्लॅस्टिकच्या पिशवीतून, दोन बोटांच्या चिमटीत धरून क्लासला नेली. बाई एकेक पान बघत सहाव्यावर थांबल्या. कोळशावरून थेंब ओघळून गड्याच्या खांद्यावर करडे पट्टे उतरले होते, खांदा खरंच हलल्यासारखा दिसत होता. बाईंनी त्या ओघळांवरून हळुवार बोट फिरवलं. मग तेच बोट जिभेला लावून पुढचं पान उलटलं.

 मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "सहावं लावू या." मी तोंड मिटलं. ओघळ कसे काढले असं त्यांनी विचारलं, तर म्हणालो, "एक टेक्निक आहे." त्या घामापेक्षा या उत्तराची मला आजही जास्त शिसारी येते.

प्रदर्शनाला चारही घरं आली. मंडळातले एक वडीलधारे गृहस्थ चष्मा सावरत चित्राजवळ गेले. "वा डॉक्टर, हे ओघळ काय जमलेत हो."

मी नम्रपणे मान लववायच्या बेतात होतो. शेजारून बायको म्हणाली, "तेवढेच जमलेत, काका. आणि तेही त्या ढोलवाल्याचे. यांनी नुसतं चाटलंय."