गिअरबॉक्सवाल्या ताई

“उतरा पावणं, गाडी तुमाला भ्यालीया,” असं म्हणत ताई गिऱ्हाइकाला खाली उतरवायच्या आणि स्वतः स्टिअरिंगवर बसायच्या. उद्यमनगरात माझ्या टायरच्या दुकानासमोर त्यांचा गाळा होता. ऑटोमॅटिक गाडीनं गिअर कधी आणि किती जोरानं बदलायचा, हे ठरवणारं सॉफ्टवेअर त्या लॅपटॉप जोडून सुधारायच्या.

काम झालं की गाडी मला चालवायला लावायच्या आणि चहाचा काठोकाठ भरलेला पेला धरून मागे बसायच्या. चहा सांडला की “न्हाय जमलं,” म्हणून पुन्हा लॅपटॉप उघडायच्या. तिकडे कधी गेला असाल, तर ओढणीवर चहाचे डाग असलेली ती बाई तुम्हीही पाहिली असेल.

एका दुपारी मोठी काळी गाडी आली. मालक तिशीतला, दांडगा. त्याला पिकअप हवा होता, तो ताईंनी वाढवून दिला.

“गिअरबॉक्स तापला की गाडी आपसूक जोर कमी करती, तेबी बंद करा,” तो म्हणाला.

“ते न्हाय करणार. घाटात बॉक्स फुटला तर मागनं येणारा मरंल.”

“गाडी माझी हाय.”

“रस्ता न्हाय की तुमचा!”

त्यानं डिकीतून जॅकचा दांडा काढला. पहिला घाव लॅपटॉपवर घातला. ताईंनी हात आडवा घातला, तर दुसरा त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्यापलीकडे आला. डाव्या हातानं पाना उचलून ताईंनी त्याच्या तोंडावर हाणला. त्याचे दात तुटले, शर्ट रक्तानं भरला. मग त्यानं केस धरून त्यांना फरशीवर आपटलं आणि बरगड्यांत लाथा घातल्या.

मी दारातच उभा होतो. खरं सांगतो, पाय उचलले नाहीत. त्यानं दांडा त्यांच्या डोक्यावर उगारला तेव्हा कुठे धावलो. तो घाव माझ्या कानावर बसला. तोवर बाकीचे गाळेवाले आले आणि त्यांनी त्याला खाली पाडलं.

रिक्षात ताईंचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. “दादा, उशीर केलासा,” एवढंच बोलल्या.

पोलिसांना मी सगळं सांगितलं, उभा राहिलो तेही. त्याला अटक झाली. पण ताईंचं मनगट वाकडंच जुळलं, बोटं वळेनात. गाळा सोडून त्या आजऱ्याला भावाकडे निघाल्या. आमची शेवटची भेट एसटी स्टँडवरची. बस सुटायच्या बेताला त्या खिडकीतून वाकल्या.

“दादा, त्या कानानं ऐकू येतंय न्हवं?”

मी ‘होय’ म्हणून मान हलवली. त्या आणखी काहीतरी बोलल्या. ते मला ऐकू आलं नाही.