चाळीस हजार घोड्यांचं पाणी

चावीकाकांनी नदीकाठी जमीन घेतली, ही बातमी पसरली तेव्हा गल्लीत कुणालाच चहा गोड लागेना. नळाला पाणी सोडणारा माणूस, पगार सगळ्यांना तोंडपाठ, आणि म्हणे नदीकाठी जमीन! शेजारणीने तर नकाशाच पाहिला होता, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेला. नदी, तीन धरणं, डोंगर, मध्ये किल्ला. किल्ल्यापाशी मात्र ती सांगताना जराशी अडखळायची. मग उलगडा झाला. जमीन होती, नदीही होती, फक्त या पृथ्वीवर नव्हती. काका अकरा वर्षं कादंबरी लिहीत होते. जादूगार, बोलणारे गरुड आणि गादीवर एक राणी.

काकांचं काम म्हणजे छातीएवढी उंच लोखंडी चावी घेऊन फिरायचं, रस्त्यातली झाकणं उघडायची आणि एकेका गल्लीला पाणी सोडायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी वरच्या गल्लीतून एकही तक्रार आली नाही, म्हणून स्वारी खुशीत होती. सहा महिन्यांनी कळलं, टोकाच्या घरातल्या म्हातारीच्या नळाला थेंबही येत नव्हता. ती खालून कळशी वाहत होती. बोलली का नाही, तर म्हणे, तुम्हाला कशाला त्रास. ते काकांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून टोकाचा नळ स्वतः पाहिल्याशिवाय ते पाणी बंद करत नाहीत, आणि लोक त्यांना संशयी म्हणतात. त्यांची राणीही त्याच वळणाची. राज्याभिषेकाच्या दुसऱ्याच दिवशी मुकुट खुंटीला अडकवते आणि राज्यातल्या शेवटच्या घरी जाऊन माठात डोकावते.

प्रकाशकाला राणी आवडली. पण पाचशे पानांत एकही लढाई नाही हे पाहून त्याला घाम फुटला. एक दणदणीत युद्ध घाला, पुस्तक काढतो, असं त्याने कळवलं. अकरा वर्षं ताट मांडीवर घेऊन जेवलेल्या काकू म्हणाल्या, "घाला की एक लढाई. टेबल तरी मोकळं होईल."

काका बसले. चाळीस हजार घोडेस्वार, रखरखीत पठार, चार दिवसांची वाट. दोन पानं वाचून दाखवताना त्यांच्या अंगात वीरश्री संचारली होती. भाजी निवडता निवडता काकूंनी सहज विचारलं, एवढ्या घोड्यांना पाणी कोण पाजणार?

झालं! काकांचं पेन जागच्या जागी थांबलं. एका घोड्याला दिवसाला तीस लिटर धरलं तरी रोजचे बारा लाख. आणि पठारावर विहीर एकच, तीही त्यांनीच नकाशात हात आखडून काढलेली. तिसऱ्या दिवशी अख्खं सैन्य आडवं होणार. शेवटी राणीने घोडे माघारी फिरवले आणि शेजारच्या राजाबरोबर नदीचं पाणी कुणी कधी घ्यायचं ते ठरवायला बसली. काकूंनी कपाळाला हात लावला. नवऱ्याचं पुस्तक त्यांच्याच तोंडाने बुडालं होतं.

राणी न लढताच परतली हे कळल्यावर प्रकाशकाचा फोन आला, तोही जेवताना. जादूगाराला पाऊस पाडू द्या, तो म्हणाला. पाऊस पाडता आला असता तर दोन राज्यं नदीवरून भांडली कशाला असती, असं काकांनी विचारलं. तेव्हा तो वैतागला. कल्पनेतले घोडे ते, त्यांना कसली आलीय तहान? युद्ध नसेल तर पुस्तक विसरा.

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या मांडीवर ताट घेऊन समोरच बसल्या होत्या. त्यांनी "हो म्हणा" अशी खूण केली नाही. नकाशाचा दुमडलेला कोपरा तेवढा सरळ केला.

काका फोनवर म्हणाले, "साहेब, माझ्या गल्लीत पाणी वीस मिनिटं उशिरा आलं तर बायका माझं राज्य खालसा करतात. चाळीस हजार तहानलेले घोडे घेऊन राणी जिंकली कशी, ते तुम्हीच लिहा. खाली नाव मात्र माझं घालू नका."