आबांचं बक्षीसपत्र

माझ्या सासऱ्यांइतक्या आनंदाने स्वतःच्या मरणाची तयारी करणारा माणूस तापीकाठी दुसरा झाला नसेल. आबांच्या मते द्यायचं ते माणसाने जिवंतपणी द्यावं, आणि लेखी द्यावं. बक्षीसपत्राचे नमुने त्यांच्या कापडी पिशवीत कायम असत. लग्नाच्या पंगतीत ते नवरदेवाला गाठून सांगत, "लगननी भेटवर आयकर लागत नही, भाऊ. मोठं काही मांगी ले!" वाढपी वरणाची बादली घेऊन ताटकळे, तर रक्ताच्या नात्यात मुद्रांक शुल्क किती कमी, हे त्यालाच समजावत बसत. नणंदेच्या मुलीला म्हशीचं पारडू दिलं, त्याचाही दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी कागद केला. पारडूने तो खाल्ला, म्हणून दुसरा केला.

माझे यजमान अपघातात गेले, तेव्हा लग्नाला चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या वाट्याचा केळीचा मळा माझ्या नावे करायचं आबांनी काढलं, तेव्हा धाकटे दीर म्हणाले, "वहिनी तरणी शे, आबा. उद्या तिनी दुसरं लगन करं तं?"

"तं मी लगनमा जेवाले जासू," आबा म्हणाले. "दीन्हं म्हणजे दीन्हं!"

आम्ही शहाद्याला गेलो. दस्त लिहिणारा म्हणाला, "मुलगा हयात असेल तर सुनेला सवलत नाही, आजोबा. मुलगा कुठे असतो?"

नियम आबांना तोंडपाठ. गावभर शंभरदा सांगितलेला. त्यांनी तोंड उघडलं. "मन्हा पोऱ्या..." पुढचा शब्द काही केल्या येईना. पिशवीचा बंद ते नुसता पिळत राहिले.

"मी त्यांच्या मयत मुलाची पत्नी," मी म्हणाले. तो शब्द मीही त्या दिवशी पहिल्यांदाच उच्चारला. दोनशे रुपयांच्या शुल्कात मळा माझा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केळीला पाणी देत होते. चाळीस वर्षं तो मळा कसलेला माणूस बांधापाशी जोडे काढून उभा राहिला.

"माय, मी वावरमा येऊ का?"

मी हसले, मग रडू आवरेना. आबा मात्र गंभीर. पुढे जिवंत होते तोवर रोज विचारत. कधी मी गमतीने "थांबा" म्हणे, तर खरंच थांबत.

आता सकाळी बांधावर कुणी नसतं. तरी मी एकदा "या, आबा" म्हणते, आणि मग पाणी पुढच्या ओळीत वळवते.