बरोबर अर्धं खळं
नातीने कंपासने वहीत वर्तुळ काढलं, आणि मधोमध टोचलेलं भोक पाहून मला कोरीट गावातलं आमचं खळं आठवलं. गोष्ट स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीची. मधोमध रोवलेल्या लाकडी मेढीला दोर बांधून वडील आणि काका दर वर्षी खळं गोल आखायचे, शेणाने सारवायचे, मग मेढीभोवती बैल फिरवून ज्वारी मळायचे. एका वर्षी दोघे भाऊ वेगळे झाले आणि काका खळ्याच्या वाटणीवरही अडून बसले. वडिलांनी तोच दोर या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणला. मेढ नेमकी रेघेवर आली, ती कोणालाच सोडवेना, म्हणून उपटली. रेघेवर बाभळीचे काटे रचले. "बरोबर आर्धं शे," काका म्हणाले. वडिलांनीही समाधानाने मान हलवली. कणसांच्या ढिगाशी उभी असलेली आई म्हणाली, "आते बैल कोठे फिरतीन?" तो सबंध हिवाळा काट्यांच्या इकडे आई आणि तिकडे काकू काठ्यांनी कणसं बडवत राहिल्या, आणि एकीचा भुसा दुसरीच्या डोळ्यांत जात राहिला. नातीने वर्तुळावर पट्टीने रेघ मारली. "आजी, बरोबर अर्धं झालं ना?" झालं, म्हटलं. मापात तेव्हाही चूक नव्हती.