मुक्याची पैज

आमच्या बँडमध्ये माणसं चार, पण पोस्टरवर थोबाड एकच. गायकाचं. त्याला आम्ही 'साहेब' म्हणतो, तोंडावर हसून आणि पाठीमागे दात-ओठ खाऊन. मी ड्रम बडवतो, निदान आवाज तरी होतो. खरी माती झाली ती बास गिटारवाल्याची. शाळेपासूनचा माझा दोस्त, कमी बोलतो म्हणून सगळे त्याला मुका म्हणतात. तो एवढंच म्हणायचा, "आपला आवाज असताना कळत नाही रे, नसला की कळतो." त्यावरच बिचाऱ्याने इतकी वर्षं काढली.

साहेबांना एक खोड. आमच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात ते दरवेळी घाईने कडव्यात उडी मारतात. मुक्याची नजर त्यांच्या खांद्यावर. खांदा उचलला की हा पटकन सूर बदलून त्यांना गाठणार, आणि याच्या मागोमाग मी आणि दुसरा गिटारवाला. लोक म्हणतात, काय गातो बुवा! अहो, गातो कसला, पडतो! हा झेलतो.

परवा कार्यक्रमाआधी मुका तारा पुसत म्हणाला, "बायको म्हणते, बँड सोड आता. आज त्या गाण्यात हात काढून घेणार. तू सोडून एकाला जरी कळलं, तरी राहीन."

"वेडा आहेस का? सगळं कोसळेल!"

"कोसळू दे ना," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला की मला भरून आलं.

गाणं आलं, खांदा उचलला, आणि मुक्याने तारांवर तळवा दाबून धरला. साहेब एकटेच पुढे, मी मागे, दुसरा गिटारवाला भलतीकडेच. म्हटलं, आपट लेका एकदाचा! पण गाणं सगळ्या सभागृहाला तोंडपाठ. लोकच ओरडून गायला लागले, साहेबांनी माइक त्यांच्याकडे धरला, आणि असा काही कल्लोळ उठला की विचारू नका. मुका शेवटपर्यंत तसाच उभा. पहिल्या रांगेत त्याची बायको टाळ्या वाजवत होती, साहेबांकडे बघत.

आत आल्यावर साहेबांनी घामाघूम अंगाने त्याला मिठी मारली. "मुक्या, आज काय वाजवलंस रे! त्या गाण्यात तर जीव ओतलास!"

मुका हसला. गिटार बॅगेत घातली, चेन लावली आणि बॅग माझ्या खांद्याला अडकवली.

"तुझ्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "घरात असली की हात जातो."